कराची किती दूर ?

मुंबईपासून कराची किती दूर आहे, असा प्रश्न भूगोलाच्या वर्गांत विचारला, तर एखादा चुणचुणीत विद्यार्थी नकाशावर पट्टी ठेवून त्याचें उत्तर क्षणांत देईल. हाच प्रश्न उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्यें एखाद्या नव्वदीच्या घरांत पोंचलेल्या वृद्धेस विचारला, तर ती पट्टीकडे पाहणारहि नाहीं. “दादी, कराची किती दूर ?” असें नातवानें विचारल्यास, “रात्रीं आगबोटींत बसलों, दोन दिवस समुद्र पाहिला, आणि तिसऱ्या दिवशीं मुंबई आली,” असेंच उत्तर यावयाचें. विद्यार्थी अंतर सांगतो, वृद्धा वेळ सांगते; आणि दोघांचींहि उत्तरें आपापल्या परीनें बरोबर आहेत. परंतु त्याच घरांतील कोणी आज कराचीस जावयाचें म्हटलें, तर त्यास या दोहोंपैकीं एकहि उत्तर उपयोगी पडत नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

दोन गांवांमधील अंतर हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें. एक अंतर पृथ्वीनें घालून दिलेलें असतें; तें बदलत नाहीं. दुसरें अंतर वाहनावर अवलंबून असतें. बैलगाडी, आगबोट, आगगाडी आणि विमान यांच्या योगानें तें उत्तरोत्तर कमी होत आलें आहे. तिसरें अंतर माणसामाणसांतील कराराचें; तें मात्र कधीं कमी होतें, कधीं वाढतें, आणि केव्हां वाढेल हें कोणासहि आधीं सांगतां येत नाहीं. कराची व मुंबई या दोन शहरांच्या उदाहरणांत हीं तिन्ही अंतरें जितकीं स्पष्ट दिसतात, तितकीं तीं आशिया खंडांतील फार थोड्या ठिकाणीं दिसतील.

प्रथम पृथ्वीचें अंतर पाहूं. तें काढण्यास शाळेंतील गणित पुरेसें आहे. मुंबईचा विमानतळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९.१ अंशांवर आहे, तर कराचीचा सुमारें २४.९ अंशांवर. म्हणजे कराची ५.८ अंश उत्तरेस झाली. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर; तेव्हां उत्तरेकडील अंतर सुमारें ६४५ किलोमीटर भरलें. रेखांशांच्या दृष्टीनें कराची ५.७ अंश पश्चिमेस आहे. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावें तसतसा लहान होत जातो. या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यांत तो सुमारें १०३ किलोमीटर असतो. त्यामुळें पश्चिमेकडील अंतर सुमारें ५८८ किलोमीटर येतें. आतां या दोन बाजू मानून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, कीं उत्तर येतें ८७३ किलोमीटर. गोलाच्या पृष्ठभागाचें सूक्ष्म गणित केलें तरी यांत फारसा फरक पडत नाहीं. व्यवहारांत पावणेनऊशे किलोमीटर, अथवा जुन्या हिशेबानें साडेपांचशे मैलांस थोडे कमी, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा आंकडा नुसता ऐकून त्याचें महत्त्व ध्यानांत येत नाहीं. मुंबईहून नागपूर हवाई मार्गानें सातशे किलोमीटरांच्या आंत आहे. बंगळूर सव्वाआठशेहून थोडें अधिक. दिल्ली साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे कराची ही मुंबईस दिल्लीपेक्षां जवळ, आणि बंगळूरपेक्षां किंचित् लांब आहे. बंगळूरास सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परतणारे व्यापारी मुंबईंत शेंकड्यांनीं सांपडतील. कराचीविषयीं असें कोणी बोलूं लागला, तर ऐकणारा त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनें पाहील.

एके काळीं मात्र तसें नव्हतें. इंग्रजांनीं १८४३ सालीं सिंध जिंकला आणि १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला. १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध हा निराळा प्रांत होईपर्यंत, सुमारें नव्वद वर्षें, कराचीचा कारभार मुंबईहून चालत होता. पुण्याचा, धारवाडचा किंवा रत्नागिरीचा सरकारी नोकर जसा बदलून खानदेशांत जाई, तसाच तो सिंधमध्येंहि जाई. कराचींतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याचें नांव आहे. ती शाळा १८५५ सालीं स्थापन झाली. कराचींत मराठी वस्ती होती, गणेशोत्सव होत असे. आणि थोडीं मराठी कुटुंबें फाळणीनंतरहि तेथेंच राहिलीं. या सर्व काळांत ये-जा मुख्यत्वेंकरून आगबोटीनें होई. समुद्रमार्ग सुमारें पांचशे सागरी मैलांचा. ताशी दहा मैल चालणाऱ्या बोटीस त्याकरितां दोन दिवस व वर कांहीं तास लागत. आगगाडीचा मार्ग याहून वेढ्याचा होता. मुंबईहून अहमदाबाद, तेथून मारवाड व लुणी या जंक्शनांवरून वाळवंट ओलांडून मीरपूर खास, पुढें सिंधमधील हैदराबाद आणि मग कराची, असा तो जाई. हवाई अंतराच्या दीडपटीहून हा मार्ग अधिक लांब. शिवाय मध्यें रुंद रुळांवरून अरुंद रुळांच्या गाडींत व पुन्हां रुंद रुळांच्या गाडींत सामानसुमानासह चढउतार करावी लागे.

यानंतर विमान आलें. १९२९ सालच्या मार्च महिन्यांत लंडन ते कराची ही विमानाची टपालसेवा सुरू झाली, आणि कराची हें हिंदुस्थानचें हवाई महाद्वार ठरलें. परंतु लंडनहून आठवड्याभरांत कराचीस पोंचलेलें पत्र पुढें मुंबईस नेण्यास आगगाडीखेरीज साधन नव्हतें. ही उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं भरून निघाली. त्या दिवशीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे ‘पस मॉथ’ जातीच्या एका लहानशा विमानांतून टपालाची थैली घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. ते वाटेंत अहमदाबादेस उतरले. तेथें विमानासाठीं इंधनाचे डबे बैलगाडींतून आणण्यांत आले. दुपारीं दोनच्या सुमारास ते मुंबईस जुहू येथें पोंचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. कराचीहून अहमदाबाद सुमारें ५९० किलोमीटर व अहमदाबादहून मुंबई सुमारें ४४०. एकूण हजारांवर किलोमीटर. हें सारें मधल्या मुक्कामासह सव्वासात तासांच्या आसपास उरकलें. भारताच्या नागरी विमान वाहतुकीचा आरंभ लोक याच दिवसापासून धरतात. हे सव्वासात तास श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांचें काम पुढें पडणार आहे.

विमानें मोठीं होत गेलीं तसा हा वेळ भराभर कमी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आलेलें डाकोटा विमान ताशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक वेगानें जाई. त्यास न थांबतां साडेतीन तास पुरत. नेमक्या याच वेळीं फाळणी झाली. १९४७ च्या ऑगस्टनंतर, आणि विशेषतः ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत झालेल्या दंगलीनंतर, सिंधमधील हिंदू लाखांनीं बाहेर पडले. ज्यांच्या हातीं पैसा होता त्यांतील कांहीं विमानानें आले. बहुसंख्य लोक आगबोटीनें मुंबईस, ओखा व पोरबंदरसारख्या काठेवाडच्या बंदरांस, किंवा वाळवंटांतील गाडीनें मारवाडांत उतरले. दोन दिवसांचा प्रवास तोच होता, बोटीहि त्याच होत्या. परंतु या खेपेस परतीचें तिकीट कोणीं काढलें नव्हतें.

मुंबईस उतरलेल्यांपैकीं अनेकांस कल्याणजवळ नेण्यांत आलें. तेथें महायुद्धाच्या काळांत लष्करासाठीं उभारलेली विस्तीर्ण छावणी रिकामी होती. तिचे पांच भाग केले होते आणि प्रत्येकास क्रमांक होता. लांबच लांब बराकींमध्यें गोणपाटाचे व चादरींचे पडदे लावून एकेका कुटुंबास एकेक खण मिळाला. शिकारपूरचा सावकार, हैदराबादचा आमिल, लारकान्याचा जमीनदार आणि कराचीचा दुकानदार हे एका भिंतीच्या आड राहूं लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणी गेली, परंतु तिचे क्रमांक गेले नाहींत. बराकींच्या जागीं आज बहुमजली इमारती आहेत, सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे, बाजार आहे. तरी पत्त्यावर ‘कॅम्प नं. ३’ हेंच लिहिलें जातें. वसाहतीच्या आरंभाची खूण अशी रोजच्या पत्रव्यवहारांत टिकून राहिली आहे.

आतां विमानाच्या वेळाचा हिशेब पाहूं. कारण त्याविषयीं पुष्कळांची समजूत अपुरी असते. आजचें जेट विमान आकाशांत स्थिर झाल्यावर ताशी सुमारें आठशे किलोमीटर जातें. या मानानें पावणेनऊशे किलोमीटरांस एक तास व सहासात मिनिटें पुरावींत. प्रत्यक्षांत कराची ते मुंबई या उड्डाणास सुमारें दीड तास धरीत. याचें कारण असें, कीं विमान निघतांना हळूहळू वर चढतें व उतरतांना हळूहळू खालीं येतें, आणि या दोन्ही वेळीं त्याचा वेग कमी असतो. शिवाय तें सरळ रेषेंत न जातां ठरवून दिलेल्या हवाई मार्गानें जातें. विमानतळावर धांवपट्टीपर्यंत जाणें-येणें होतें. आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणीं उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशांत घिरट्याहि घालाव्या लागतात. हिवाळ्यांत उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळें मुंबईकडे येणाऱ्या विमानाचीं कांहीं मिनिटें वांचतात आणि कराचीकडे जाणाऱ्याचीं तितकींच खर्ची पडतात.

वेळापत्रक वाचणाऱ्यास आणखी एक कोडें पडे. कराचीहून दहा वाजतां निघालेलें विमान मुंबईस बारा वाजतां पोंचे, आणि मुंबईहून दहा वाजतां निघालेलें विमान कराचीस अकरा वाजतांच उतरे. येण्यास दोन तास आणि जाण्यास एकच तास, हा काय चमत्कार ? चमत्कार कांहीं नाहीं. १९५१ सालीं पश्चिम पाकिस्ताननें आपलीं घड्याळें अर्धा तास मागें घेतलीं. दीड तासाच्या प्रवासांत हा अर्धा तास येतांना मिळविला व जातांना वजा केला, कीं हिशेब बरोबर जुळतो. पूर्वीं दोन्ही शहरें एकाच प्रमाणवेळेखालीं होतीं. पुढें घड्याळेंहि वेगळीं झालीं.

येथवर दोन अंतरांची गोष्ट झाली. तिसऱ्या अंतराची, म्हणजे करारांच्या अंतराची, गोष्ट यापेक्षां गुंतागुंतीची आहे. १९६५ च्या युद्धांत खोखरापार व मुनाबाव यांमधील आगगाडी बंद पडली आणि मुंबई-कराची आगबोटीहि थांबल्या. १९७१ च्या जानेवारीअखेरीस एका भारतीय विमानाचें अपहरण करून तें लाहोरास नेण्यांत आलें व पुढें जाळण्यांत आलें. त्यानंतर भारतानें आपल्या प्रदेशावरून जाणाऱ्या पाकिस्तानी विमानांस मनाई केली, आणि त्याच वर्षअखेर युद्ध झालें. विमानसेवा पुन्हां सुरू होण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. १९९४ सालीं कराचींतील भारतीय वकिलातीची कचेरी बंद झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर, २००२ च्या आरंभीं, हवाई मार्ग पुन्हां बंद झाला; तो २००४ च्या जानेवारींत उघडला. २००६ सालीं वाळवंटांतील ती जुनी आगगाडी ‘थर एक्स्प्रेस’ या नांवानें एकेचाळीस वर्षांनीं सुरू झाली आणि २०१९ च्या ऑगस्टांत ती पुन्हां थांबली. मुंबई व कराची यांना जोडणारी पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची विमानसेवा २०१७ च्या मे महिन्यांत बंद झाली. शेवटीं, पहलगाम येथील हत्याकांडानंतर, २०२५ च्या एप्रिलमध्यें दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशच बंद केलें.

या घटनांमागें कारणें आहेत, आणि तीं क्षुल्लक नाहींत. २००८ सालीं मुंबईवर जो हल्ला झाला त्यांतील हल्लेखोर कराचीहूनच समुद्रमार्गें आले होते. ज्या शहरानें तीन दिवस तें पाहिलें, त्यास सावधगिरी सोडून द्या असें सांगणें सोपें नाहीं व योग्यहि नाहीं. परंतु कारण समजून घेणें निराळें, आणि त्याची किंमत न मोजणें निराळें. ती किंमत काय, हें आंकड्यांनींच सांगतां येईल.

ज्यास परवाना मिळाला आहे असा मुंबईचा मनुष्य हवाई मार्गानें कराचीस जावयाचा, तर त्यास बहुधा दुबईवरून जावें लागतें. मुंबई ते दुबई सुमारें १९३० किलोमीटर. दुबई ते कराची सुमारें ११९०. एकूण ३१२० किलोमीटर झाले. म्हणजे पावणेनऊशेच्या साडेतीनपटीहून अधिक. पहिल्या विमानांत तीन तास, दुसऱ्यांत दोन तास, आणि मध्यें दुबईच्या विमानतळावर निदान दोनतीन तासांची प्रतीक्षा. बेरीज सात-आठ तासांची झाली. आतां ते सव्वासात तास आठवावे. बैलगाडींतून आणलेलें इंधन भरून, एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून, अहमदाबादेस थांबत थांबत १९३२ सालीं जो पल्ला गांठला गेला, तोच पल्ला गांठण्यास आजच्या जेट विमानाच्या उतारूस तितकाच, किंबहुना थोडा अधिक, वेळ लागतो. यंत्रांनीं नव्वद वर्षांत जें मिळविलें, तें माणसांनीं आपसांत घालवून टाकलें.

त्याच उड्डाणाच्या स्मृतीची हकीकतहि बोधप्रद आहे. १९८२ सालीं, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनीं तसेंच एक जुनें विमान एकट्यानें चालवून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हां केला. १९८२ सालीं तें शक्य होतें. २०२१ च्या १५ ऑक्टोबरला मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिक महिलेनें त्याच उड्डाणाची आठवण म्हणून एका हलक्या विमानांतून अहमदाबादमार्गें जुहूपर्यंत उड्डाण केलें. परंतु त्यांना आरंभ करावा लागला तो कच्छमधील भूजहून. मार्गाचें पहिलें टोंकच हातांतून निसटलें होतें.

कोणी म्हणेल, उल्हासनगरकरांस आतां कराचीशीं काय कर्तव्य ? त्यांनीं येथें घरें बांधलीं, कारखाने काढले, मुलाबाळांचे संसार थाटले. हें खरें आहे. आणि परत जाऊन राहावें असें त्यांतील कोणी म्हणतहि नाहीं. परंतु मनुष्यास राहण्याखेरीज इतर कारणांसाठींहि प्रवास करावा लागतो. सिंधमध्यें आजहि लाखों हिंदू राहतात, आणि त्यांतील कित्येकांचे नातलग उल्हासनगरांत आहेत. लग्नास जाणें, मर्तिकास जाणें, आजारी बहिणीस एकदां भेटून येणें, हे कांहीं राजकारणाचे विषय नव्हेत. सक्करजवळ सिंधू नदीच्या पात्रांतील साधबेला हें सिंधी लोकांचें तीर्थ आहे. आणि कराचीच्याहि पलीकडे बलुचिस्तानांतील हिंगलाज देवी ही महाराष्ट्रांतील भावसार समाजाची कुलस्वामिनी आहे. कुलस्वामिनीच्या दर्शनाचें अंतर मैलांत मोजण्याची सोय राहिलेली नाहीं, हें दुःख एकट्या सिंधी माणसाचें नाहीं.

असलीं अंतरें कायमचीं नसतात, यास जगांत दाखलेहि आहेत. तैवानमधील तैपेई आणि चीनमधील शांघाय हीं शहरें एकमेकांपासून सातशे किलोमीटरांच्या आंतबाहेर आहेत. तेथेंहि १९४९ सालीं ताटातूट झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षें या दोन शहरांमधील उतारूस हाँगकाँगसारख्या तिसऱ्या ठिकाणीं जाऊन विमान बदलावें लागे. दोन्ही सरकारांतील मूळ वाद मिटला नव्हता व अजूनहि मिटलेला नाहीं. तरी २००८ च्या अखेरीस दोघांनीं सरळ हवाई मार्ग उघडला, आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास दीड तासावर आला. वाद शिल्लक ठेवूनहि वाट मोकळी करतां येते, एवढाच या उदाहरणाचा अर्थ.

मुंबई आणि कराची यांमधील वाट केव्हां मोकळी होईल हें उल्हासनगरच्या हातीं नाहीं. त्याच्या हातीं दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिला मात्र मुदत आहे. १९४७ सालीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं, तीं आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. घरापासून शाळा किती पावलांवर होती, बंदरावर जाण्यास ट्रामगाडी कोठें मिळे, बोटींत बसतांना आईनें कोणती वस्तू बरोबर घेतली व कोणती मागें ठेवली, हें सांगणारीं माणसें फार दिवस राहणार नाहींत. पृथ्वीवरील अंतर कोणत्याहि वर्षीं पुन्हां मोजतां येईल. तें अंतर ज्यांनीं कापलें त्यांची साक्ष पुन्हां मिळावयाची नाहीं.

म्हणून कॅम्प नं. ३ मधील शाळांनीं एक लहानसा पाठ अवश्य घ्यावा. विद्यार्थ्यांस पृथ्वीचा गोल द्यावा व दोरा द्यावा. मुंबई आणि कराची यांवर दोरा ताणून त्यांनीं पावणेनऊशे किलोमीटर स्वतः मोजावे. मग तोच दोरा दुबईवरून फिरवून वाढलेलें अंतर पाहावें. त्यानंतर त्यांनीं घरीं जावें, आजी-आजोबांस, दादा-दादीस, शेजारच्या वृद्ध माणसास तोच प्रश्न विचारावा, आणि जें उत्तर मिळेल तें त्यांच्याच शब्दांत, तारीखवार, वहींत उतरून ठेवावें. मराठी घरांतील मुलांनींहि यांत मागें राहूं नये. शेजाऱ्याचें गांव ठाऊक असणें हा शेजारधर्मच आहे. एखादें दिवशीं सरळ मार्ग उघडला, तर दीड तासाच्या त्या प्रवासांत कोणत्या रस्त्यावर उतरावयाचें आणि कोणतें दार शोधावयाचें, हें त्या वह्याच सांगूं शकतील.